पेंचचं पाणी, मीटरचा धातू

पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला पेंच नदीवर धरण आहे. सरकारी कागदांत त्याचं नाव कामठी खैरी. वरच्या अंगाला, रामटेक तालुक्यात, तोतलाडोहचं मोठं धरण. तिथल्या १६० मेगावॉटच्या वीजघरातून सुटलेलं पाणी नवेगाव खैरीला अडतं आणि इथून त्याला वाटा फुटतात. एक वाट कालव्यांनी धानाच्या बांध्यांत जाते. दुसरी नागपूर शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांकडे जाते. तिसरी कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडे. एका जलाशयाचे इतके वाटेकरी असले की पाणी मोजणं हे नुसतं इंजिनिअरांचं काम राहत नाही. एप्रिल-मे महिन्यात कोणाच्या वाट्याला किती आलं, यावर गावं आणि शहर दोघंही बोलायला लागतात, आणि तेव्हा सगळ्यांची भिस्त असते ती नळात बसवलेल्या एका मीटरवर.

आकड्यांत पाहू. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांनी एक मेगावॉट-तास विजेमागे ३.५ घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, हा नियम केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने आला. खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॉट आहे: २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक. सगळे संच पूर्ण भाराने चालले तर या नियमाची मर्यादा होते तासाला सुमारे ४,७०० घनमीटर, म्हणजे ४७ लाख लिटर. मीटर एक टक्का कमी दाखवायला लागला की तासाला ४७ हजार लिटर पाणी हिशेबातून गळतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर, दर तासाला. आणि मीटर चुकायला लागतो त्याची बरीच कारणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: पाण्याला लागून असलेला त्याचा भाग कशाचा बनवला होता?

मीटर निवडताना लोक रेंज बघतात, अचूकता बघतात, कंपनी बघतात, किंमत तर बघतातच. धातूच्या रकान्यात ‘एसएस ३१६’ लिहून पुढे जातात, आणि फारच काळजी असेल तर त्याहून महागाचा एखादा धातू लिहितात. महाग म्हणजे जास्त टिकाऊ, हा समज इतका पक्का आहे की तो मोडायला हे अख्खं प्रकरण लागणार आहे. गंजाच्या दुनियेत सर्वांत चांगला असा धातू नाही. अमुक द्रवासाठी, अमुक तापमानाला, अमुक वेगाला चांगला, एवढंच म्हणता येतं. एका ठिकाणी वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहणारा धातू दुसऱ्या ठिकाणी पेट घेतो, आणि ही अतिशयोक्ती नाही, पुढे येईलच.

आधी नळ आणि मीटर यांच्यातला एक फरक समजून घ्यायला हवा. लोखंडी नळाची भिंत आठ मिलिमीटर जाड असेल आणि वर्षाला ०.१ मिलिमीटर झिजत असेल, तर नळ आरामात काही दशकं काढतो. ही झीज गृहीत धरूनच त्याची जाडी ठरवलेली असते. मीटरला ही सवलत नाही. ऑरिफिस प्लेट घ्या. नळात आडवी बसवलेली, मधोमध गोल भोक असलेली ही साधी पातळ चकती. भोकाच्या अलीकडे आणि पलीकडे दाबात जो फरक पडतो त्यावरून प्रवाह काढतात. हे गणित बरोबर यायचं तर भोकाची पाण्याकडची कड धारदार असावी लागते. आयएसओ ५१६७ या मानकाप्रमाणे त्या कडेची गोलाई भोकाच्या व्यासाच्या ०.०००४ पटीपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे १०० मिलिमीटरच्या भोकाला ०.०४ मिलिमीटर. नळाने एका वर्षात जी झीज अंगावर काढली असती, तिच्या निम्म्याहून कमी झिजेत इथे मोजमाप बिघडतं. शिवाय ते नेहमी एकाच बाजूने बिघडतं: कड बोथट झाली की प्रवाह सहज निसटतो, दाबातला फरक घटतो आणि मीटर खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. गळती नाही, आवाज नाही, धोक्याचा दिवा नाही. चकती बाहेर काढून कडेवरून नख फिरवेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

पाण्यासाठी आज सर्वांत जास्त वापरतात तो विद्युतचुंबकीय मीटर. फिटर लोक त्याला ‘मॅग मीटर’ म्हणतात. वीजवाहक द्रव चुंबकीय क्षेत्रातून वाहिला की त्यात वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब तयार होतो, हे फॅरडेचं तत्त्व. स्वतः मायकेल फॅरडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावर तारा ताणून, तांब्याचे पत्रे थेम्स नदीत सोडून, पृथ्वीच्या चुंबकत्वात वाहणाऱ्या नदीचा विद्युतदाब पकडायचा प्रयत्न केला होता. तो साधला नाही. पत्रे आणि पाणी यांच्यातल्या रासायनिक क्रियेने जे लहानमोठे विद्युतदाब उठत होते, त्यांत खरा संकेत हरवून गेला. म्हणजे या मीटरच्या पहिल्याच प्रयोगाला जी अडचण आली ती धातू आणि द्रव यांच्या नात्याचीच होती. पुढे बोनाव्हेंतुरा थुर्लेमान या स्विस संन्याशाने १९४१ मध्ये नळातल्या प्रवाहासाठी हे तत्त्व वापरून दाखवलं, आणि १९५०च्या दशकात नेदरलँड्समध्ये असे मीटर बाजारात आले. आज ते वाळूजला आणि पुण्यातही बनतात.

या मीटरमध्ये द्रवाला लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच. एक आतलं अस्तर, म्हणजे लायनर. ते वीज न वाहणारं हवं, म्हणून रबर किंवा प्लॅस्टिकच्या जातीचं. दुसरे, समोरासमोर बसवलेले दोन इलेक्ट्रोड. त्यांचं द्रवाला लागणारं टोक बोटाच्या पेरापेक्षाही लहान. तिसरी अर्थिंगची कडी किंवा अर्थिंगचा इलेक्ट्रोड. आणि चौथं, ज्याचा विचार सगळ्यांत शेवटी होतो किंवा होतच नाही, ते गॅस्केट आणि ओ-रिंग. चारांपैकी एक जरी चुकलं तरी बाकीच्या तिन्हींवर केलेला खर्च पाण्यात.

पेंचचं कच्चं पाणी या बाबतीत सौम्य आहे. जंगलातून येणारं, गोडं, क्षार थोडे, क्लोराइड कमी. इथे कडक रबराचं अस्तर आणि ३१६-एल स्टेनलेस स्टीलचे इलेक्ट्रोड उत्तम काम करतात. या जागी टँटलम किंवा हॅस्टेलॉयसारखा महागडा धातू मागवणारा माणूस जनतेचा पैसा वाया घालवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते स्वतःच्या अंगच्या गुणाने नव्हे. त्यातलं क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक थर धरतं. हा थर काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा धरतो. यासाठी पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं. ३१६ जातीत ते १६ ते १८ टक्के असतं, जोडीला १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. हे मॉलिब्डेनमच ३१६ ला स्वयंपाकघरातल्या ३०४ पेक्षा वेगळं करतं, कारण ते क्लोराइडच्या हल्ल्यात थराला सावरतं.

क्लोराइडचा हल्ला कसा होतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. बंद काळात खाली उतरवलेला एखादा मीटर उजेडात धरून बघा. इलेक्ट्रोड लांबून चकचकीत दिसतो. भिंग लावलं की त्यावर टाचणीच्या टोकाएवढी दोन-तीन काळी टिंबं दिसतात. सुईने टोकरलं तर सुई आत जाते. वर टिंब, आत पोकळी. झालं असं असतं की क्लोराइडने एका जागी थर फोडला. त्या खळग्यात विरघळलेल्या धातूने पाण्याशी क्रिया करून आम्ल तयार केलं. खळग्याचं तोंड अरुंद, म्हणून बाहेरचा ऑक्सिजन आत पोहोचत नाही आणि थर पुन्हा धरत नाही. बाहेरचं क्लोराइड मात्र आत ओढलं जातं. खळग्याबाहेरचा शाबूत पृष्ठभाग या सगळ्यात विरुद्ध ध्रुवाचं काम करतो, म्हणजे चांगला भागच वाईट भागाला खायला मदत करतो. एकदा सुरू झालं की खड्डा आपला आपण खोल होत जातो. सरासरी झीज काढाल तर ती नगण्य येईल, आणि तरीही इलेक्ट्रोड आरपार गेलेला असेल. मग पाणी इलेक्ट्रोडच्या मागून चुंबकाच्या कॉइलपर्यंत पोहोचतं आणि सबंध मीटर भंगारात जातो.

साध्या तापमानाच्या, ना आम्ल ना अल्क पाण्यात ३०४ साठी लिटरला साधारण २०० मिलिग्रॅम क्लोराइड आणि ३१६ साठी १००० मिलिग्रॅम अशी ढोबळ मर्यादा या क्षेत्रातले लोक धरतात. ढोबळच, तापमान वाढलं, पाणी साचून राहिलं, वर गाळ बसला की ती झपाट्याने खाली येते. वीज केंद्रात नेमकं हेच घडतं. कूलिंग टॉवरमध्ये पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात आणि तेच पाणी फिरत राहतं. लिटरला ३० मिलिग्रॅम क्लोराइडचं पाणी पाचपट आटलं तर १५० होतं. ३१६ ला काही धोका नाही. कोराडीला मात्र पेंचच्या पाण्याचा ताण कमी करण्यासाठी नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातून आणलं जातं. ही योजना मला मनापासून मोलाची वाटते. शहराने वापरलेलं पाणी विजेला, नदीचं पाणी पिण्याला, हा न्याय सरळ आहे. पण सांडपाण्यात क्लोराइड मुळातच जास्त असतं, अमोनिया असतो, आणि जिवाणूंना खायला पुरेसं काही उरलेलं असतं. समजा लिटरला १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली आणि पाचपट आटवलं तर ५०० झाले. कागदावर ३१६ अजून सुरक्षित. इलेक्ट्रोडवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसला की त्याखाली ऑक्सिजन पोहोचत नाही, आणि त्या थराखालचं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळंच होऊन बसतं. अशा ठिकाणी इलेक्ट्रोड हॅस्टेलॉय सी-२७६ चा घेणं योग्य. निकेलच्या या मिश्रधातूत सुमारे १६ टक्के क्रोमियम आणि तितकंच मॉलिब्डेनम असतं. इलेक्ट्रोडचा आकार एवढासा असल्यामुळे मोठ्या नळाच्या मीटरच्या एकूण किमतीत त्याचा फरक फारसा जाणवतही नाही.

आता शहराकडे गेलेल्या पाण्यामागे जाऊ. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी पडते, गाळ बसतो, वाळूतून पाणी गाळलं जातं आणि शेवटी क्लोरीन. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असं सांगतं. एवढ्या क्लोरीनचं पाणी मीटरला काहीच करत नाही. प्रश्न आहे तो मात्रा मोजून सोडायच्या जागी, जिथे क्लोरीन घट्ट असतो.

क्लोरीन वायू ९०० किलोच्या टॉनरमध्ये, म्हणजे मोठ्या नळकांड्यात येतो, आणि टॉनर साध्या पोलादाचा असतो. अनेकांना याचं आश्चर्य वाटतं. कोरडा क्लोरीन नेहमीच्या तापमानाला पोलादाला काही करत नाही. त्यात ओल शिरली की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि तेच पोलाद बघता बघता चाळण होतं. म्हणून टॉनर बदलताना व्हॉल्व्हचं तोंड उघडं ठेवू नये, असं शिकवतात. टायटॅनियमचं नेमकं उलटं. ओला क्लोरीन, क्लोरीनचं पाणी, सोडियम हायपोक्लोराइट, या सगळ्यांत टायटॅनियम अप्रतिम. त्याच्या ऑक्साइडचा थर या द्रवांत आणखी घट्ट होतो. पण कोरड्या क्लोरीनमध्ये ओलच नाही, म्हणून थर सावरायला काही नाही, आणि टायटॅनियम त्यात अक्षरशः पेटतं. एकाच केंद्रात, वीस पावलांच्या अंतरावर, एका नळात पोलाद बरोबर आणि टायटॅनियम जीवघेणं. दुसऱ्या नळात टायटॅनियम बरोबर आणि पोलाद चार दिवसांचा सोबती. दोन्ही नळांवर ‘क्लोरीन’ अशीच पाटी असते. म्हणून मागणीपत्रात नुसतं ‘क्लोरीन’ लिहिणं हा मला निष्काळजीपणाचा कळस वाटतो. वायू की द्रावण, कोरडा की ओला, हे लिहिल्याशिवाय पुरवठादाराने मीटर देऊच नये.

आजकाल लहान केंद्रांत टॉनरऐवजी हायपोक्लोराइटचं द्रावण वापरतात, कारण ते हाताळायला कमी धोक्याचं. त्यासाठी पीटीएफई किंवा पीएफए या प्लॅस्टिकच्या जातीचं अस्तर आणि टायटॅनियमचे इलेक्ट्रोड घ्यावेत. ३१६ तिथे ठेवलं तर वर सांगितलेले खड्डे फार लवकर दिसायला लागतात.

आणि आता या प्रवासातली सर्वांत कठीण जागा: वीज केंद्राचा डीएम प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार काढायची जागा. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ शून्य लागतात. त्यासाठी पाणी राळेच्या बारीक मण्यांतून नेतात. मणी क्षारांनी भरले की एका टाकीतले मणी हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि दुसरीतले कॉस्टिक सोड्याने धुऊन ताजे करतात. आम्ल ३० ते ३३ टक्क्यांचं येतं, रबराचं अस्तर लावलेल्या पोलादी टाकीत साठवतात आणि पाणी घालून चार-पाच टक्क्यांवर आणून वापरतात. ते किती गेलं हे मोजावंच लागतं. कमी गेलं तर मणी अर्धवट धुतले जातात, जास्त गेलं तर पैसा आणि पाणी दोन्ही नासतं.

हायड्रोक्लोरिक आम्ल धातूंचा वैरी आहे. ३१६ त्यात विरघळतं. खड्डे वगैरे नाहीत, सरळ विरघळतं. हायपोक्लोराइटमध्ये अजिंक्य ठरलेलं टायटॅनियम इथे हरतं, कारण या आम्लात ऑक्सिजन देणारं काही नाही आणि थर टिकत नाही. हॅस्टेलॉय थंड आणि पातळ आम्लात काही काळ निभावून नेतं, पण वर्षानुवर्षांचा भरवसा नाही. इथे हवा टँटलम. जड, करडा धातू. ३,००० अंश सेल्सिअसच्या वर वितळणारा. त्याचा ऑक्साइडचा थर हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक अशा बहुतेक आम्लांना दाद देत नाही. आम्लाच्या लाइनवर पीटीएफई किंवा पीएफए अस्तर आणि टँटलमचे इलेक्ट्रोड, ही जोडी ठरलेली.

मग मोह होतो. स्टोअरमध्ये एकाच प्रकारचे सुटे भाग ठेवावेत, टँटलम सर्वांत भारी, तर कॉस्टिकच्या लाइनवरही तोच लावावा. इथेच फसगत होते. टँटलमचा थर आम्लात टिकतो, अल्कात नाही. घट्ट आणि गरम कॉस्टिक त्याला खातं. (दुसरा वैरी हायड्रोफ्लोरिक आम्ल, पण ते या आवारात नसतं.) उलट, ज्या ३१६ ला आम्लाने विरघळवलं होतं ते नेहमीच्या तापमानाच्या कॉस्टिकमध्ये निवांत राहतं. चार हातांवर दोन समांतर लाइनी: एकीत महागडं टँटलम लागतं, दुसरीत तेच टँटलम चूक आणि साधं ३१६ बरोबर. सगळे भाग सारखे करण्याच्या सोयीपायी हा भेद पुसला जाऊ नये, यासाठी दोन्ही मीटरांच्या अंगावर रंगाने मोठ्या अक्षरांत धातूचं नाव लिहून ठेवणारे फिटर असतात. त्यांची ही साधी सवय एखाद्या लांबलचक कार्यपद्धतीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

अर्थिंगच्या कडीचं काय? अनेकदा इलेक्ट्रोड टँटलमचे मागवतात आणि कडी ३१६ ची येते, कारण मागणीपत्रात तिचा उल्लेखच नसतो. आम्ल कडी खातं. त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळे धातू एकाच आम्लात विजेने जोडले गेले की त्यांची बॅटरी होते. विरघळणाऱ्या धातूच्या बदल्यात टँटलमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो, तो धातूत शिरतो आणि टँटलम ठिसूळ होतं. धातू निवडलेला बरोबर, मारला गेला तो शेजाऱ्यामुळे. कडीचा धातू इलेक्ट्रोडचाच असावा, किंवा तिच्याऐवजी त्याच धातूचा तिसरा इलेक्ट्रोड घ्यावा.

डीएम प्लांटमधून बाहेर पडणारं शुद्ध पाणी मोजायला मात्र मॅग मीटर चालतच नाही, धातू कोणताही घ्या. या मीटरला द्रवाची वाहकता सेंटिमीटरला साधारण पाच मायक्रोसिमेन्स तरी लागते, आणि डीएम पाण्याची त्याच्या कितीतरी खाली असते. तिथे दाबाच्या फरकावर चालणारा किंवा अल्ट्रासॉनिक मीटर लावतात.

अस्तराकडे वळू. आपल्या घरांत पितळी पातेल्यांना कल्हई लावायची पद्धत होती ती याच विचारातून: बळकटी पितळेची, आंबट वरणाला लागायचं ते कथलाने, आणि कल्हई उडाली की ताक कळकायचं. मीटरमध्येही बळ पोलादाच्या नळाचं आणि द्रवाशी गाठ अस्तराची. कडक रबर कच्च्या पाण्याला छान, पण ते साधारण ८० अंशांपर्यंतच, आणि हायपोक्लोराइट त्याला कडक करून तडे पाडतं. पीटीएफई हे रसायन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत अपघाताने सापडलं. त्याला आम्ल-अल्क जवळजवळ काहीच करत नाहीत आणि उष्णताही ते बरीच सोसतं. पण ते पोलादाला चिकटत नाही. नळात निर्वात झाला, समजा पंप बंद पडला आणि उतारावरचं पाणी निघून गेलं, तर सैल अस्तर आत ओढलं जाऊन चुरगळतं. म्हणून जिथे निर्वाताची भीती आहे तिथे आत पोलादी जाळी ओतलेलं पीएफए घेतात. अस्तर रसायनाला पुरून उरलं पण पोकळीने गेलं, असं घडलं की चौकशीत सगळे रसायनालाच दोष देतात.

ओ-रिंगचीही हीच गत. विटॉन तेलाला आणि बऱ्याच आम्लांना छान, कॉस्टिकला वाईट. ईपीडीएम कॉस्टिकला छान, तेलाला अगदी वाईट. काही रुपयांची ही कडी चुकली तर लाखाचा मीटर गळतो.

खापरखेड्यातून बाहेर पडणारी आणखी एक गोष्ट मोजावी लागते: राख मिसळलेलं पाणी. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या राख तलावाचा प्रश्न २०२२ मध्ये राज्यभर गाजला. शेत, विहिरी आणि श्वास यांच्याशी जोडलेला तो प्रश्न मोठा आहे आणि मीटरने सुटणारा नाही. पण किती राख, किती पाण्यातून, कुठे गेली हे सांगणारा आकडा विश्वासाचा असणं ही गावकऱ्यांची रास्त अपेक्षा आहे. या मिश्रणात आम्ल फारसं नसतं. राखेचे कण सिलिका आणि ॲल्युमिनाचे, कठीण. ते स्टेनलेसचा अदृश्य थर सतत खरवडत राहतात, थर पुन्हा धरतो, पुन्हा खरवडला जातो. गंज आणि झीज हातात हात घालून काम करतात. इथे धातूंचे नेहमीचे तक्ते बाजूला ठेवावे लागतात, कारण ते शांत द्रवासाठी केलेले असतात. बारीक कणांसाठी मऊ रबर किंवा पॉलियुरेथेनचं अस्तर कडक अस्तरापेक्षा जास्त टिकतं. कण आदळतो आणि उसळून जातो. इलेक्ट्रोड टंगस्टन कार्बाइडचे घेतात. मीटर उभ्या नळात, प्रवाह खालून वर, असा बसवला तर राख तळाशी न बसता झीज चारी बाजूंनी सारखी होते. नळ आडवाच असेल तर निदान इलेक्ट्रोड तळाशी येऊ देऊ नयेत.

पारशिवनी तालुक्यात गोंडेगावसारख्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, आणि खाणीतून उपसलेलं पाणीही आता मोजून वापरलं जातं. खाणीचं पाणी म्हटलं की आम्लाची भीती वाटते. कोळशात गंधकाचं खनिज, पायराइट, भरपूर असेल तर ते हवा-पाण्याने सल्फ्युरिक आम्ल बनवतं. ईशान्य भारतातल्या खाणींत हे होतं. इथल्या कोळशात गंधक कमी, म्हणून पाणी सहसा सौम्य. शेजारच्या सावनेर तालुक्यात पाटणसावंगीच्या खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं गेलं, यावरून काय ते कळावं. तेव्हा नुसतं ‘खाणीचं पाणी’ असं ऐकून महागडा धातू मागवू नये. पीएच, क्लोराइड आणि सल्फेट तपासून घ्यावं. तपासणीला लागणारा खर्च एका इलेक्ट्रोडच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि नमुना उन्हाळ्यात एक व पावसाळ्यात एक असे दोन घ्यावेत, कारण तीच खाण दोन ऋतूंत दोन प्रकारचं पाणी देते.

मागणीपत्र भरताना द्रवाचं नाव, तीव्रता, किमान आणि कमाल तापमान, वेग, त्यातले घन कण, निर्वाताची शक्यता, हे सगळं चांगले इंजिनिअर लिहितातच. एक रकाना मात्र चांगल्या इंजिनिअरांकडूनही रिकामा राहतो: वर्षातले इतर दिवस. नळातून ३६० दिवस जे वाहतं त्यावरून धातू ठरतो, आणि मीटर मरतो तो उरलेल्या पाच दिवसांत. वार्षिक देखभालीत नळातली खपली काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल फिरवतात. त्यात पोलादाला वाचवणारं रसायन मिसळलेलं असतं, पण ते साध्या पोलादाचा विचार करून निवडलेलं असतं. ३१६ च्या इलेक्ट्रोडला त्याचा आधार नाही, आणि आम्लातलं क्लोराइड थर फोडून जातं. धुणं संपतं, पुन्हा पेंचचं सौम्य पाणी वाहायला लागतं, आणि काही महिन्यांनी मीटर विचित्र आकडे दाखवतो तेव्हा सगळे त्या पाण्याचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जातात. नमुना निर्दोष निघतो. हे टाळायला नवा धातू लागत नाही. आम्ल फिरवायच्या आधी फ्लँजचे बोल्ट खोलून मीटर बाहेर काढायचा, त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा नळाचा तुकडा बसवायचा, आणि धुऊन, साध्या पाण्याने खळबळून, पीएच सातच्या आसपास आला की मीटर परत लावायचा. तो तुकडा मीटर खरेदी करतानाच, त्याच मागणीपत्रात, मागवून ठेवावा.